नवी लस आणि आपलें घर
(बाजारच्या दिवशीं संध्याकाळीं गांवच्या शाळेच्या पटांगणांत दिलेलें व्याख्यान)



आज आम्हांस ज्या विषयावर बोलावयास सांगितलें आहे तो चुलीपासून चावडीपर्यंत सर्वांचा आहे. मुलखांत सांथ शिरली आहे, माणसें पटापट मरत आहेत, आणि अशा वेळीं कोणी सांगतो कीं, ही पहा लस, नुकतीच तयार झाली, हात पुढें करा. तेव्हां घरच्या माणसांनीं काय करावें? करोनाच्या सांथींत, २०२१ सालीं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरांत येऊन बसला होता. ती सांथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं आणीबाणी उठविली. परंतु सांथ ही कांहीं एकदां येऊन कायमची जाणारी पाहुणी नव्हे, आणि दारांत तिरडी असतां विचार सुचत नाहीं. म्हणून कोणाच्या घरीं सांथ नसतांना हा विषय काढणें बरें.

आम्ही पंतोजी आहों, वैद्य नव्हे. अमुक सुई घ्या, तमुक घेऊं नका, असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस हिशेब येतो आणि जुन्या हकीकती वाचण्याची संवय आहे. तेवढ्या भांडवलावर बोलणार आहों.

नव्या लशीस जो कचरतो तो अडाणी, असें शहरांतील शिकलेली मंडळी म्हणतात. हें आम्हांस मुळींच कबूल नाहीं. नवें बियाणें आलें तर शहाणा कुणबी सगळें रान त्याखालीं घालीत नाहीं. एका कडेला चार तासें पेरून पाहतो. बैल घेतांना दांत मोजतो, जुंपून चालवून पाहतो, मगच दावें हातांत घेतो. मग स्वतःच्या लेकराच्या दंडांत जें जावयाचें तें काय आहे असें त्यानें विचारलें, तर त्याला हंसावयाचें कशासाठीं? विचारलेंच पाहिजे. मात्र बियाण्यांत आणि लशींत एक मोठा फरक आहे. बियाण्यासाठीं एक हंगाम थांबतां येतें. सांथ कोणासाठीं थांबत नाहीं, आणि थांबणें हीसुद्धां एक निवडच असते. तिलाही किंमत पडते. बाजारांत बसून "पाहूं पुढें" म्हणणाऱ्यास वाटतें कीं आपण कांहींच ठरविलेलें नाहीं. तसें नसतें.

आतां आपल्याच मुलखांतली एक हकीकत सांगतों. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत लोक तापानें व काखेंत-जांघेंत गाठी येऊन मरूं लागले. हा प्लेग आहे, असें प्रथम ओळखलें तें डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं. थोड्याच महिन्यांत मुंबई अर्धी ओस पडली, आणि पळणाऱ्यांबरोबर रोग पुणें, सातारा, कोल्हापूर करीत खेड्यापाड्यांत शिरला. पुढील पंचवीस वर्षांत या देशांतील एक कोटीहून अधिक माणसें त्यानें नेलीं.

आपल्या चळवळीची दोन मोठीं माणसें या सांथीनें नेलीं हें तुम्हांस ठाऊक असेल. गिरणीकामगारांचे पुढारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं मुंबईस गेले. त्यानंतर सुमारें एका महिन्यानें, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला होता, आणि सासष्टाव्या वर्षीं त्या माउली तेथें रोग्यांची उठबस करीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतला एक आजारी मुलगा त्यांनीं पाठीवर घालून आणला असें सांगतात. ज्या काळीं बापसुद्धां मुलाच्या अंथरुणाजवळ जावयास भीत होता, त्या काळची ही गोष्ट आहे. लस टोचणें मुंबईंत सुरू होऊन तेव्हां अवघे दोन महिने झाले होते.

लोकांनीं त्या लशीवर एकदम विश्वास कां ठेविला नाहीं, हें समजण्यासाठीं सरकारनें काय चालविलें होतें तें पाहिलें पाहिजे. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर पुण्यास रँडसाहेबानें गोरे सोल्जर घरांत घातले. देवघरांत बूट गेले, बायाबापड्यांची अब्रू उघड्यावर आली, अंथरुणें-पांघरुणें रस्त्यांत जाळलीं, माणूस धरून नेला तर परत येईल कीं नाहीं याचा भरंवसा नव्हता. रँडवर २२ जून १८९७ च्या रात्रीं गोळी झाडली गेली, हा पुढचा इतिहास शाळेंतलें पोरही सांगेल. त्याच्या आधीं, १८९६ च्या ऑक्टोबर अखेरीस, मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणीच्या सुमारें हजार माणसांनीं हल्ला केला होता. इस्पितळांत माणसाची मोमिआई काढतात, राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फांसलें म्हणून राणीनें काळजें मागितलीं आहेत, अशा वावड्या होत्या. आज आपण हंसतों. पण ज्याच्या घरांत सोल्जर शिरला, त्याच सरकारच्या हातांतली सुई त्याला औषधाची कशी वाटावी? दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. वावडी खोटी होती. भीति मात्र पोकळ नव्हती.

ही लस केली कोणीं? वाल्डेमार हाफकिन यांनीं. हे जातीनें यहुदी, रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीची लस तयार केली, १८९२ सालीं प्रथम स्वतःला टोचली, आणि १८९३ पासून कलकत्त्याकडे हजारों गरिबांस टोचीत फिरले. ते डॉक्टरकीची पदवी घेतलेले नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. येथील गोऱ्या डॉक्टरांस ही गोष्ट कायम खुपत असे. विद्या कोणाची यापेक्षां ती कोणाच्या पोटीं जन्मली हें पाहण्याची खोड एकट्या आपल्याच देशांत आहे असें नाहीं!

मुंबईस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली व एक ओसरी मिळाली. हाताखालीं एक कारकून आणि तीन शिपाई. काचेच्या मोठ्या चंबूंत मांसाचा काढा घालून त्यावर तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांखालीं प्लेगचे जंतू छताच्या जळमटांसारखे लोंबत वाढत. चंबू हलवून ते तळाशीं पाडावयाचे, पुन्हां वाढूं द्यावयाचे, असें कांहीं आठवडे चाले. मग तो काढा तापवून जंतू मारावयाचे, वर थोडें कार्बॉलिक ॲसिड घालावयाचें आणि बाटल्यांत भरावयाचें. मेलेला जंतू रोग करीत नाहीं, पण अंगांतल्या रक्ताला शत्रूची ओळख पटते. खरा जंतू आला म्हणजे तें लढावयास तयार असतें. लशीचें मर्म हें एवढेंच. ऑक्टोबर १८९६ मध्यें काम हातीं घेतलें आणि १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननीं भली मोठी मात्रा स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, आणि ते उठून पुन्हां कामास लागले.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथें सुमारें दीडशें कैदी टोचून घेण्यास तयार झाले, सुमारें पावणेदोनशें तसेच राहिले. न टोचलेल्यांत १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. टोचलेल्यांत दोघांस झाला, मेला कोणीच नाहीं. आंकडे बोलके आहेत खरे. पण आम्हांस येथें एक खटकतें. तुरुंगांतला माणूस "होय" म्हणतो तेव्हां त्या होकाराला वजन किती? पहिला प्रयोग नेहमीं कैद्यावर, वेठबिगाऱ्यावर, गरिबाच्या वस्तीवर होतो आणि फळ पहिल्यानें माडीवाल्यास मिळतें, ही चाल चांगली नव्हे. मुंबईंत एक उलट उदाहरणही घडलें हें सांगितलें पाहिजे. आगाखान यांनीं स्वतः चारचौघांत टोचून घेतलें, मग त्यांच्या खोजा जमातीनें टोचून घेतलें, आणि प्रयोगशाळेस त्यांनीं आपला बंगलाही दिला. पुढाऱ्यानें आधीं स्वतःचा दंड उघडा करावा, मग अनुयायांस सांगावें.

याहून महत्त्वाची गोष्ट बडोद्याच्या राज्यांतली, सयाजीराव महाराजांच्या मुलखांतली. उंढेरा नांवाचें शेतकऱ्यांचें खेडें. तेथें प्लेग चालू असतां १८९८ च्या फेब्रुवारींत हाफकिननीं असें केलें कीं, प्रत्येक घरांतील सुमारें अर्ध्या माणसांस टोचलें आणि अर्ध्यांस सोडलें. असें कां, हें नीट ध्यानांत घ्या, कारण सगळी मेख येथें आहे. एका आळीस टोचलें व दुसरीस सोडलें असतें, तर कोणी म्हणाला असता कीं, ती आळीच निरोगी, तिचें पाणीच चांगलें. एकाच घरांत एकाच कणगीचें धान्य, एकच आड, तेच उंदीर, तेंच छप्पर. मग फरक पडला तर लशीनेंच पडला.

सहा आठवड्यांनीं मोजदाद केली. प्लेग २८ घरांत शिरला होता. त्या घरांत न टोचलेलीं माणसें ६४. त्यांतल्या २७ जणांस प्लेग झाला आणि २६ मेले. टोचलेलीं ७१, त्यांतल्या ८ जणांस झाला आणि ३ मेले. आतां त्रैराशिक मांडा. चौसष्टांत सव्वीस, तर एकाहत्तरांत किती? जवळजवळ एकोणतीस. एकोणतीस मरावयाचे तेथें तीन मेले. आमच्या चौथीच्या मुलांस हें गणित फळ्यावर घालून दिलें तेव्हां एकानें विचारलें, "गुरुजी, ते तीन कां मेले?" प्रश्न बरोबर होता. लस हें चिलखत नव्हे. तिनें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. प्लेगच्या या लशीचा जोरही कांहीं महिनेच टिके. आणि ते सव्वीस? ज्यांना मुद्दाम सोडलें ते? त्यांच्या मरणावर पुढच्या लाखोंनीं आपला विश्वास बांधला. त्यांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत आम्हांस आढळलीं नाहींत.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या शहाणपणाची सांगतों. उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावें, माळावर झोंपड्या घालाव्या, हें आपले आजे-पणजे कोणी न सांगतां करीत. साहेब लोक गटारांत कार्बॉलिक ओतीत होते, भिंती पांढऱ्या करीत होते. १८९८ सालीं कराचीस पॉल सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें दाखविलें कीं मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसास चावते आणि रोग देते. पुढें मुंबईच्या प्रयोगांनीं तें पक्कें ठरलें. म्हणजे कुणब्याचें निरीक्षण खरें होतें. पण त्याच कुणब्यास कोणी मरीमाईस बोकड कापावयास लावीत होतें, कोणी ग्रहशांतीची दक्षिणा घेत होतें, आणि शांति सांगणारा स्वतः पहिल्या गाडीनें गांव सोडीत होता. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें तें धरावें, दुसऱ्याच्या पोटाच्या सोयीनें सांगितलेलें तें सोडावें, इतका विवेक तेव्हांही पुरला असता.

आतां वाईट गोष्ट. ती झांकून ठेवणें हा लबाडपणा होईल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मलकोवाल या खेड्यांत १०७ जणांस प्लेगची लस टोचली. त्यांतल्या १९ जणांस आठवड्याभरानें धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. सगळे एकाच बाटलीचे. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांस कांहीं झालें नाहीं. सरकारनें चौकशी नेमली, खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर फुटलें, आणि हाफकिनना काम सोडावें लागलें. पुढें कागद बाहेर आले तेव्हां निराळेंच दिसलें. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करतांच त्यानें बूच काढलें होतें. धनुर्वाताचा जंतू मातींत असतो. तो बाटलींत पूर्वींच वाढला असता तर घाण सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरनें वास घेऊन पाहिला होता आणि वास नव्हता. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस वगैरे नामांकित शास्त्रज्ञांनीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत हें जाहीर मांडलें, तेव्हां त्याच वर्षीं हाफकिन दोषमुक्त झाले. मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव दिलें.

पांच वर्षें! एवढा वेळ सरकारनें कागद दाबून ठेविले नसते, तर पंजाबांतल्या शेतकऱ्यास कळलें असतें कीं दोष लशीचा नव्हता, हाताचा होता. त्याच पंजाबांत १९०७ या एका सालीं प्लेगनें सहा लाखांच्या आसपास माणसें गेलीं. त्यांतलीं किती सुईच्या भीतीनें गेलीं हें कोणी मोजूं शकत नाहीं. आणि ज्या एकोणीस घरांत माणूस गेला, त्यांना दोष चिमट्याचा कीं औषधाचा, यानें काय फरक पडतो? म्हणून आम्ही सांगतों कीं, टोचून घ्यावयास जाल तेव्हां लाजूं नका. सुई नवी आहे कां, बाटली आमच्यासमोर उघडली कां, असें विचारा. तुमची बोली ऐकून कोणी नाक मुरडलें तरी विचारा.

आतां २०२१ कडे येऊं. ३ जानेवारी २०२१ रोजीं आपल्या देशांत दोन लशींस तांतडीची मंजुरी मिळाली, एक पुण्याच्या सीरम संस्थेची कोविशील्ड आणि दुसरी भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन. १६ जानेवारीस टोचणें सुरू झालें, प्रथम दवाखान्यांतील माणसांस; १ मार्चपासून साठीवरच्यांस, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीवरच्या सर्वांस, १ मेपासून अठरावरच्यांस. त्या वेळीं शंका होत्याच, आणि कांहीं रास्त होत्या. कोव्हॅक्सिनला मंजुरी दिली तेव्हां तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चांचणीचा निकाल हातीं नव्हता. तो जुलैंत आला, आणि चांगला आला. पण जानेवारींत ज्यानें "निकाल दाखवा" म्हटलें त्याला देशद्रोही म्हणणें हें रँडशाहीचेंच धाकटें भावंड होय. कोविशील्डसारख्या लशीनें फार थोड्यांच्या, लाखांत एखाद्याच्या, रक्तांत गुठळ्या होतात असें युरोपांत आढळलें, आणि मार्च २०२१ मध्यें कित्येक देशांनीं ती कांहीं दिवस थांबविली. ब्रिटननें मग काय केलें पहा. चाळिशीखालच्यांस शक्य तर दुसरी लस द्यावी असें ठरविलें, वरच्यांस तीच चालू ठेविली. कारण साठीच्या माणसाला करोनानें मरण्याचा धोका लशीच्या धोक्याहून कितीतरी पट मोठा, पंचविशीच्या पोराला तेवढा नव्हे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन घालून पाहण्याचा हा रस्ता आहे. एका पारड्याकडे बोट दाखवून ओरडणारे दोन्हीकडे पुष्कळ होते.

दुसऱ्या शंका मात्र नुसत्या वावड्या होत्या. सुईनें पुरुषत्व जातें, बाई वांझ होते, दोन वर्षांत माणूस मरतो, असें फोनवरून फिरत होतें. प्लेगच्या वेळीं मोमिआई होती, आतां ही. अशा वावडीची खूण सांगतों. तिला गांव नसतें, साल नसतें, मोजदाद नसते. "एका डॉक्टरनें सांगितलें" एवढाच आधार. मलकोवालची बातमी खरी होती, म्हणून तिला दिवस, गांव आणि बाटली होती.

थांबण्याची किंमत आपण एप्रिल-मे २०२१ मध्यें पाहिली. मार्चमध्यें कित्येक गांवांत म्हातारीं माणसें "सुगी होऊं द्या" म्हणत राहिलीं. एप्रिलांत दुसरी लाट आली, खाटा आणि प्राणवायू मिळेना, तेव्हां सगळे धांवले, आणि लस नव्हती. महाराष्ट्र सरकारला मे महिन्यांत अठरा ते चव्वेचाळीस वयाचें टोचणें लशीवांचून थांबवावें लागलें. ज्याच्या हातांत चांगला फोन होता त्यानें रात्रीं नांव नोंदवून खेड्यांतली सुई शहरांतून येऊन घेतली, आणि गांवचा सुतार, कुंभार दारांत उभा राहिला. हा दोष लशीचा नव्हे, वांटपाचा आहे, आणि पुढल्या वेळीं आपण तो आधींच भांडून मिटविला पाहिजे. ग्रामसभेंत नांवांची यादी कागदावर हवी.

घरांत ठरवितांना एकट्या कर्त्यानें ठरवूं नये. सून, सासू, वाढलेली लेक, सर्वांस बसवावें. प्रत्येकाचें वय, जुना आजार, कामाची जागा पहावी. ज्याला धोका मोठा त्याचा नंबर पहिला. म्हातारी आजी "माझें काय राहिलें, पोरांना द्या" म्हणेल, तिचें ऐकूं नये. किती हजारांवर चांचणी झाली, किती महिने त्यांच्याकडे पाहिलें, न घेतलेल्यांशीं तुलना केली कां, एवढें दवाखान्यांतल्या नर्सबाईस विचारावें. जिला माहीत नसेल ती विचारून सांगेल. जी रागावेल तिच्या वरच्यास विचारावें. आणि पेरणीच्या दिवसांत सगळें घर एकाच दिवशीं टोचून घेऊं नये. दोन दिवस ताप येतो, अंग मोडतें. दोन पाळ्या करा, म्हणजे गुराढोरांना वैरण घालावयास कोणी राहील.

इतकें बोलून आम्ही थांबलों, तेव्हां मागें बसलेल्या एका बाईंनीं विचारलें कीं, पोटुशी बाईनें काय करावें? आम्हीं सांगितलें कीं, करोनाच्या वेळीं पहिल्या चांचण्यांत गरोदर बायांस घेतलेलेंच नव्हतें, म्हणून जानेवारी २०२१ मध्यें त्यांना लस देत नसत. मग इतर देशांतल्या हजारों गरोदर बायांची माहिती जमली, सांथ त्यांना अधिक जड जाते हें दिसलें, आणि २ जुलै २०२१ रोजीं आपल्याकडे त्यांना परवानगी मिळाली. पुढल्या लशीविषयीं हाच प्रश्न पुन्हां नव्यानें विचारावा लागेल.

त्याच बाईंचा दुसरा प्रश्न असा कीं, "गुरुजी, ताप आला तर दोन दिवसांची खुरपणीची मजुरी कोण देणार?" त्यावर सभेंत कुजबुज झाली. आम्हीं सरपंचांकडे पाहिलें. ते उठून म्हणाले कीं, पुन्हां अशी वेळ आली तर टोचून घेणाऱ्या मजुरास दोन दिवसांचा रोज पंचायतीनें द्यावा, असा ठराव येत्या ग्रामसभेपुढें मांडतों. त्या बाईंनीं तें तेथेंच कागदावर लिहून मागितलें, आणि सरपंचांनीं लिहून दिलें.